म्हाळूच्या मोटरसायकलची दुसरी चावी

नेकनूरजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या म्हाळूला साठ मेंढ्या एका नजरेत मोजता येतात. मोटरसायकल घेतली तेव्हा मात्र त्याची झोप उडाली. मेंढरू चोरायचं तर चोराला ते ओढत न्यावं लागतं; गाडी चोरालाच बसवून नेते. म्हणून त्याने चोरीसकट पूर्ण विमा उतरवला. एजंट शफीने बजावलं, "म्हाळूभाऊ, दुसरी चावी जिवापाड जपा. गाडी गेली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक कमी निघाली की म्हणते, तुमीच चोराला दिली."

ही सूचना इतक्या गांभीर्याने जिल्ह्यात आजवर कोणी घेतली नसावी. पेटीचं कुलूप फुटतं, खिसा फाटतो, आणि बायको कडूबाई वस्तू इतकी जपून ठेवते की नंतर तिलाही सापडत नाही. वस्तीवर ज्याच्या जवळ कोणी फिरकत नाही असा एकच जीव होता : कळपापुढे चालणारा एडका. त्याच्या गळ्यातल्या घंटेचा लोलक मागेच पडला होता. तिथे म्हाळूने चावी बांधली. दिवसभर वाजत असल्यामुळे ती जागेवर असल्याची खात्रीही आपोआप होई.

दोन वर्षांनी एडक्याने कडूबाईला दुसऱ्यांदा पाडलं, तेव्हा तो नेकनूरच्या बाजारात वडवणीच्या परमेश्वर नावाच्या मेंढपाळाला विकला गेला. रिवाजाप्रमाणे म्हाळूने दावं सोडून घेतलं, कारण दाव्याबरोबर घरची बरकत जाते. घंटेबद्दल रिवाज काही म्हणत नाही.

पुढच्याच आठवड्यात पाटोद्याच्या बाजारातून मोटरसायकल गेली. पोलिसांत तक्रार झाली, कंपनीला कळवून झालं, आणि शफीने हात पुढे केला.

म्हाळूने एक चावी ठेवली.

"दुसरी?"

"वडवणीला हाय."

"पाव्हण्याकडं?"

"एडक्याकडं."

शफीने पुढे केलेला हात मागे घेतला. "ती आना. न्हाईतर क्लेम गेला समजा."

म्हाळू एसटीने वडवणीला गेला. परमेश्वरने पाणी दिलं, चहा दिला, चावी देईना.

"माजी मेंढरं ह्या आवाजामागं चालत्यात. काढून बघ पायजे तर."

चावीच्या जागी नट बांधून पाहिला. एडक्याने चार पावलं टाकली, ऐकलं, आणि खाली बसला. मागे सगळा कळप बसला. मग चमचा झाला, बिजागरीचा तुकडा झाला.

"तुजी एक गाडी गेली," परमेश्वर म्हणाला. "माज्या पन्नास बंद पडल्या की."

शेवटी वडवणीच्या चावीवाल्याकडून तशीच चावी करवून घंटेत बांधली. एडका उठला. म्हाळू अस्सल चावी घेऊन परतला.

पण कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न होता : चावीची नक्कल केली आहे काय? असल्यास कोणाकडे? म्हाळूला खोटं लिहायची सवय नव्हती. मुळात लिहायचीच नव्हती. मुलगी ऋतुजाने त्याला विचारून स्वच्छ अक्षरात लिहिलं, "होय. वडवणी येथील एडका." शफीने ते वाचलं तेव्हा फॉर्म कंपनीत पोचला होता.

कंपनीचे तपासनीस साहेब वडवणीला आले आणि नक्कल बघायला मागू लागले.

"काढून घ्या सायेब," परमेश्वर म्हणाला. "त्याला फकस्त तुमची वळख सांगा."

साहेबांनी ओळखपत्र काढलंही. एडका ते बघून चार पावलं मागे सरला. मागे सरलेला एडका म्हणजे काय, हे साहेब बाभळीवर चढून बसल्यावर परमेश्वरने त्यांना सविस्तर सांगितलं.

अहवालात साहेबांनी लिहिलं : नक्कल सुरक्षित ताब्यात आहे, ताबाधारकाकडून ती मिळवणे चोराला शक्य नाही. क्लेम मंजूर झाला.

बातमी द्यायला शफी स्वतः वस्तीवर आला.

"खरं लिवलं म्हनून झालं," म्हाळू म्हणाला.

"न्हाई," शफी बशीत चहा ओतत म्हणाला. "सायेबाला परत यायचं न्हवतं म्हनून झालं."