पाय रोवून उभा राहणारा

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून वर्ध्याजवळ सेलूला आलो. थोड्या महिन्यांसाठी, असं तेव्हा सगळेच म्हणत होते, मीही. पुढे आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसलो तो बसलोच. वडिलांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, मधल्या वेळात गिऱ्हाईक. ‘आता इथंच का?’ असं कोणी विचारलं की मी ‘पाहू’ म्हणायचो.

रविवारी दुपारी मावशी वडिलांजवळ बसायची आणि मी एसटीनं वर्ध्याला जायचो. तिथं कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या घरी आम्ही एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसून, पण सगळा तोंडी. गोष्ट ती चालवायची, आणि मी व दोन मित्र गोष्टीतली माणसं व्हायचो. लढाई आली की फासा टाकायचा. आपल्या माणसाची ताकद कागदावर लिहिलेली असे, पण नुसती वाचून दाखवलेली तिला चालत नसे. ही ताकद त्याला कशी आली, ते सांगावं लागे. एका मित्राच्या तिरंदाजाचा अंधारातही नेम चुकत नसे, कारण लहानपणी कापसाच्या गंजीत लपलेली भावंडं तो नुसत्या श्वासावरून ओळखायचा. असं काहीतरी.

माझा माणूस ढालवाला. एकदा पाय रोवले की त्याला कोणी हलवू शकत नसे. त्या रविवारी आम्ही तिघं खिंडीत सापडलो आणि समोरून एक पिसाळलेला रेडा आला.

“मी पाय रोवतो,” मी म्हणालो.

“काऊन हालत नाई तो?” मैत्रिणीनं विचारलं.

“कागदावर लिहेल हाय.”

“ते मलेही दिसते. मी तुले विचारून राह्यली. कुठून आलं हे त्याले?”

मी सुचेल तसं सांगू लागलो. त्याच्या गावचा बंधारा पुरात फुटायला आला. यानं भगदाडाला पाठ लावली. लोक म्हणाले, जरासा धर, आम्ही माणसं घेऊन येतो. मग पाणी ओसरलं, लोक पेरणीला लागले. आता सोड, असं सांगायला कोणी आलं नाही. आपण हललो तर गाव बुडेल, असंच याला वाटत राहिलं. उभं राहून राहून...

तेवढ्यावरच मी फासा उचलला.

“चालते,” ती हळूच म्हणाली. “टाक फासा.”

रेडा ढालीवर आदळून कोसळला. पण त्या धक्क्यानं दरड सुटली. दोघं मित्र खिंडीबाहेर पळाले. मीही पळतो म्हणालो.

“त्याले पाय उचलता येते का?” तिनं विचारलं. “तूच सांग.”

हो म्हटलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं.

“नाई येत,” मी म्हणालो.

तिरंदाजवाला मित्र म्हणाला, “मी मांगं जातो. त्याले सांगतो, चल बाबा, पाणी ओसरलं.”

“त्याले ऐकूच येत नाई.”

दरड कोसळली. माझा माणूस तिच्याखाली गाडला गेला, मेला.

संध्याकाळी मी खिचडी भरवत असताना वडिलांनी अडखळत विचारलं, आज काय खेळले. असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातला घास गिळला.

“लोकाइनं सांगतलं नाई,” ते म्हणाले, “पण यानं तरी काऊन नाई विचारलं?”

मी त्यांची हनुवटी पुसली. “विचारलं असतं तर?”

त्यांनी चांगल्या हातानं माझा हात अडवला. मग म्हणाले, “मी तर थांबच म्हटलं असतं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणापासून ते सहज येतं. मी पुढचा घास केला.

पुढे मावशीचे गुडघे धरले आणि माझं वर्ध्याला जाणं थांबलं. मैत्रीण अधूनमधून फोन करते, खेळात नवा माणूस कोणता घेतो म्हणून विचारते. दुकानात कोणी नसलं की मी विचार करतो. अजून तिला काही सांगितलेलं नाही.