तिसरा डंख

लग्न होऊन मी धुळ्याहून भडगावजवळच्या मळ्यातल्या घरी आले, त्या वर्षी घराच्या तिन्ही बाजूंना सूर्यफूल होतं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. थंडी ओसरू लागली तशी फुलं उमलली आणि ऊन चढलं की मधमाशांचा आवाज सुरू व्हायचा. भांडी घासताना, भाकरी थापताना, जेवताना तो कानात असायचाच. दिवेलागणीला तो थांबला की आपण दिवसभर अंग आखडून वावरत होतो हे मला कळायचं.

दिवसा घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ. तिला सगळे अक्का म्हणत. चाळिशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. मळ्यावर कुणाला माशी चावली की तो तिच्याकडेच यायचा. ती नखाने काटा खरवडून काढायची, वर ओला चुना लावायची आणि हसत त्याला कामावर परत धाडायची. मलाही तिनेच शिकवलं. काटा चिमटीत धरायचा नाही, दाबला की विष आत जातं.

मग तिलाच चावली. पहिल्यांदा बोटाला. हात कोपरापर्यंत सुजला, दोन दिवसांनी उतरला. दुसऱ्यांदा पायाला, वीसेक दिवसांनी. त्या वेळी पाय राहिला बाजूला, पोटावर, पाठीवर, मानेवर लाल गांधी उठल्या. ओठ जाड झाले. ती आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडून राहिली आणि मला म्हणाली, "घरमा कोनले सांगू नको." भाऊंना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कळलं असतं तर त्यांनी तिला शेतात पाऊल टाकू दिलं नसतं. मी नवी होते. तिने सांगितलं ते ऐकलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा अक्काचं डोकं दुखतंय, एवढंच मी म्हणाले.

तिसऱ्या वेळी दुपार होती. पुरुषमाणसं भडगावच्या बाजाराला गेली होती. अक्का वाळलेलं लुगडं दोरीवरून ओढून खांद्यावर टाकत होती. घडीत माशी होती. ती मानेला चावली.

"माशी शे, साप नही," ती म्हणाली. "चुना आन."

मी काटा खरवडून काढला. चुन्याची डबी सापडेना. सापडली तर चुना वाळून खडा झालेला. मी पाणी घालून तो कालवत बसले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण मी लावायला गेले तेव्हा अक्का दोन्ही तळहात एकमेकांवर जोरजोरात घासत होती. खाज, म्हणाली. डोळ्यांच्या कडा सुजल्या होत्या. मी कांदा चिरून आणला, तोही चोळला. लोखंडी किल्ली फिरवली. मग तिने माझं मनगट धरलं.

"मना गया दाटस व."

गळा दाटतोय म्हणत होती, पण आवाज तिचा नव्हता. कुणीतरी भिंतीपलीकडून बोलावं तसा. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी बाहेर आलं. ती ओट्यावर बसली आणि बसल्या बसल्या एका अंगावर कलली. श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. घरात जे जे ठाऊक होतं ते करून झालं होतं. तिला तिथेच कुशीवर निजवून मी पळाले.

डांबरी रस्ता दोन शेतं ओलांडून होता. वाट सूर्यफुलातूनच जात होती. माझ्या हातांना, तोंडाला माशा लागत होत्या. रस्त्यावर आले तर रस्ता रिकामा. खूप वेळाने एक काळीपिवळी जीप आली. ड्रायव्हर आणि आतली दोन माणसं माझ्याबरोबर धावत आली. त्यांनी अक्काला उचललं तेव्हा तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

ड्रायव्हरने जीप उलटी वळवून भडगावला आणली. डॉक्टरांनी तिला आडवं केलं, पाय उंच ठेवले, मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने दुसरं दिलं. हळूहळू शीळ कमी झाली. तोपर्यंत बाजारात निरोप जाऊन भाऊ आले होते.

"याआधी कधी चावली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्काला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दोनदा," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा अंगभर गांधी उठल्या होत्या."

"म्हणजे दर वेळी वाढतंय. पुन्हा चावली तर चुना शोधत बसू नका. आणि आज निभावलं तसं तेव्हा निभावेल, असं मी सांगू शकत नाही."

भाऊ माझ्याशी सहसा थेट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "तुम्हाला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ते डॉक्टरांकडे वळले, आणि नंतरही कधी त्यांनी तो विषय काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पीक उभं होतं, कापणीला अजून अवकाश होता. चार दिवसांनी अक्काला दोंडाईचाला माहेरी पाठवायचं ठरलं. मी तिला एस. टी. स्टँडवर सोडायला गेले. चेहऱ्यावर अजून सूज होती. एस. टी. लागली तेव्हा ती म्हणाली, "तू पयनी ना, माले वाटनं तू येवाव नही."

मी पळाले तेव्हा तिला वाटलं होतं की मी परत येणार नाही.

"असं कसं वाटलं तुम्हाला, अक्का?" मी म्हणाले आणि तिची पिशवी वर दिली.

रिकाम्या रस्त्यावर उभी असताना माझ्या मनात तेच आलं होतं. ती गेली असेल, मला ते बघायचं नाही, असंच धुळ्याला निघून जावं. जीप धुळ्याच्या दिशेनेच चालली होती. मी हात केला तेव्हा काय सांगणार होते, हे गाडी थांबेपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं.

कापणी झाल्यावर अक्का परत आली. पुढे अनेक वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. हे मात्र मी तिला सांगू शकले नाही.