कांद्याच्या झोळीतली डावी गाठ

मंडळी, दुपारपासून स्वयंपाकघरातल्या एका गाठीकडे बघत बसलेय.

परवा एडवणच्या किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जाळ्याचा तुकडा मिळाला. तो धुऊन, बोईसरच्या एका कारखान्याबाहेर पडलेली लाकडी पट्टी जोडून कांद्यांसाठी भिंतीवर झोळी केली. फाटलेलं जाळं कुणीतरी गाठी मारून सांधलेलं, ते मधलं जाडजूड ठिगळ तेवढं कुरूप दिसत होतं. आज ते कापायला कात्री घेतली, इतक्यात एडवणच्या मासेवाल्या मावशी दारात आल्या.

"थांब गो!" टोपली ठेवून त्यांनी ठिगळावर अंगठा फिरवला. "ही माज्या सासऱ्याची गाठ हाय."

मला हसूच आलं. गाठीवरून माणूस कसा ओळखणार?

"डावखुरे होते ते. सगल्यांची गाठ उजवीकडं जाते, त्यांची एकट्यांची डावीकडं."

मी वाकून पाहिलं. खरंच, ठिगळाच्या गाठी तेवढ्या उलट्या होत्या! गेलेल्या माणसाची सही माझ्या भिंतीवर, आणि मी ती कापायला निघाले होते.

"मावशी, घेऊन जा हे."

"नको. कांदे भर त्यात. जालं रिकामं टांगू नये."

भरले. पण कांदा काढताना हात आपोआप हळू होतोय. तुमच्या घरात आहे का असं काही, ज्यावरून गेलेलं माणूस ओळखू येतं?