दौतकाकांच्या हातची मेजुजा

दौतकाका म्हणजे वस्तीतले यहुदी लेखनिक. धर्मग्रंथातल्या ओळी चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीनं लिहून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. बोटं कायम काळी, म्हणून हे नाव.

नियमांच्या बाबतीत माणूस भलताच कडक. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, दिव्याच्या बटणाला हात लावतील तर शपथ! फक्त एवढंच, की देव आहे हे त्यांना कित्येक वर्षं पटत नव्हतं. कसलं दुःख कोसळलं होतं असंही नाही. एका सकाळी प्रार्थना करताना जाणवलं, की पलीकडे कोणी ऐकतंय असं आपल्याला वाटेनासं झालंय. नियम मात्र सुटले नाहीत, आणि सुटावेत असं वाटलंही नाही.

पण लेखनिकाची पंचाईत अशी, की देव न मानणाऱ्या माणसानं लिहिलेलं चर्मपत्र बाद ठरतं, मग अक्षर मोत्यासारखं का असेना. काकांनी डोळ्यांचं निमित्त सांगून लेखणी बाजूला ठेवली.

तेवढ्यात लेकीनं नवं घर घेतलं. दाराच्या चौकटीवर लावायची चर्मपत्राची गुंडाळी, मेजुजा, तिला वडिलांच्याच हातची हवी होती. "बाबा, माझ्यासाठी तरी उघडा ते डोळे!" काकांना नाही म्हणवेना. त्यांनी लिहून दिली.

येता-जाता लेक तिला हात लावून बोटांचा मुका घेई. कडेवरच्या नातीलाही शिकवी. ते पाहून काकांना मन खायला लागलं. शेवटी एके दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

"ती मेजुजा काढ, पोरी."

"का? अक्षर चुकलं?"

"अक्षर बरोबर आहे. माझाच विश्वास उरलेला नाही."

लेकीला आधी थट्टाच वाटली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. "मग हे सगळं पाळता कशाला?"

"पाळायला विश्वास लागतो असं मला नाही वाटत. लिहायला लागतो, असं नियम सांगतो. म्हणून बोललो."

"म्हणजे देव नाही, पण त्याचा नियम मोडायचा नाही?"

"हो. हसशील तू."

ती हसली नाही. पेचकस आणून तिनं मेजुजा उतरवली आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळली. दुसऱ्या लेखनिकाची आणून जावयानं लावली.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे तिच्याकडे जेवायला बसले. वडीलधारे म्हणून काकांनीच पाव हातात घेऊन आशीर्वचन म्हटलं. जावई "आमेन" म्हणाला, नात बोबडं "आमेन" म्हणाली. लेक ताटाकडे बघत गप्प राहिली.

देव न मानणाऱ्या माणसाच्या आशीर्वचनाला आमेन म्हणायचं नाही, हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. पोरीनं नियम बरोबर पाळला होता. काकांनी पाव मोडला, मिठाला लावला, पहिला तुकडा स्वतः तोंडात घातला. दुसरा लेकीच्या ताटात ठेवला.