गोदाबायनं न मागितलेली माफी

गोदाबायच्या तोंडाला अख्खं गाव भ्यायचं, आणि तिच्या तोंडावाचून गावात एक लगीन लागायचं नाही. धवलारीण ती. शीळफाट्याच्या आतल्या अंगाला, टॉवरांच्या सावलीत जिथं चार आळ्या उरल्यात, तिथं भटजी उशिरा आला तरी चालतो. मांडवात धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणणारी बाई आधी लागते. हळदीचे विधी उरकले की तिची खरी गंमत सुरू व्हायची. नाव घालून गाणं. नवरदेवाच्या मामाचं टक्कल, विहिणीचा खोटा हार, नगरसेवकाचं पोट, कुणाची म्हणून गय नाही. ज्याचं नाव येईल त्यानं हसायचं, ही रीत. रागावला तो हलकट, असं बाया धरून चालायच्या.

यंदाच्या लगीनसराईत तिनं भाऊंचं नाव घातलं.

भाऊ म्हणजे भाऊच. त्यांना आडनावानं हाक मारणारे एकतर मेले, नाहीतर त्यांच्याच ऑफिसात चहा पाजायला आहेत. गावचं तळं भाऊंनी राडारोडा टाकून बुजवलं, वर टॉवर उठवला, आणि आता दर गणपतीला त्याच टॉवरच्या गेटापुढं प्लास्टिकची टाकी ठेवून 'भव्य विसर्जन सोय, भाऊंच्या सौजन्याने' असा बॅनर लावतात. गोदाबायनं हात नाचवत म्हटलं:

तलाव गिलला भावानी, बायो, पानी मांगू कोनाला?
टाकीन बुरवला देव आमचा, हार घातला सोताला!

मांडव हसून लोळला. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, आणि बघता बघता ते दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत पोचलं.

मग बंटी आला. भाऊंचा उजवा हात. पायातले बूट पांढरेशुभ्र, बोलणं साखरेसारखं.

"काकी, टेन्शन नको घेऊ. छोटासा व्हिडिओ करायचाय. हात जोडायचे, 'माझ्याकडून चूक झाली, भाऊ माझ्या मुलासारखे आहेत' एवढंच बोलायचं. एका मिनिटात मोकळी."

"आन नाय बोलली तं?"

बंटी हसला. "विनीत आपल्याच टँकरवर आहे ना?"

विनीत तिचा एकुलता पोरगा. पाण्याचा टँकर चालवायचा, भाऊंचा. तळं बुजवलं त्यांनी आणि पाणी विकायचं तेही त्यांनीच. विनीत दारातच उभा होता. तो म्हणाला, "आये, सगले करतात गो. काय झिजतंय त्यान?"

तेही खरं. त्या भागात माफीचा व्हिडिओ म्हणजे आधार कार्डासारखा झालेला, ज्याच्या त्याच्याकडं असायचाच. चायनीजच्या गाडीवाल्यानं मागितली, बॅनरच्या खांबाला गाडी टेकवली म्हणून. रिक्षावाल्यानं मागितली, खड्ड्याचा फोटो टाकला म्हणून. डोंबिवलीच्या एका मास्तरणीनं मागितली, त्या खड्ड्याच्या फोटोखाली हसरा चेहरा टाकला म्हणून. तिला तर व्हिडिओत रडायला लावलेलं.

विनीतची पोरगी कृतिका कॉलेजात होती. ती ओट्यावर जाडं पुस्तक घेऊन बसलेली. गोदाबाय भांड्यांवर राग काढत होती.

"काय वाचतंस गो एवरं?"

"इंग्रजी कादंबरी आहे आजी, परीक्षेला लावलीय. एका देशात भिंतीभिंतीवर एकाच पुढाऱ्याचा चेहरा असतो. घरातल्या टीव्हीतून तुझ्यावर नजर. कालचा छापलेला पेपर आज बदलतात, आणि कालही हेच होतं म्हणतात. घरची पोरंच आईबापाची चुगली करतात."

गोदाबायनं टोप खाली ठेवला. "लिवनारा आपले कल्यानचा हाय काय?"

"नाही गं, इंग्रज होता. क्षयानं खोकत खोकत, लांब एका बेटावर बसून लिहिलं. पुस्तक आलं आणि वर्षाच्या आत गेला."

"आन त्या गोष्टीतले बाप्याचं काय व्हतं?"

"त्याला धरतात. लई छळतात. शेवटी त्यालाच तो पुढारी आवडायला लागतो. खोटं नाही, मनापासून."

गोदाबाय अशी उठली की पोरगी दचकली. "मेला रगत ओकत ओकत लिवत बसला, आन शेवटाला त्याला गुरघ्यावं आनला? मंग लिवलान कनाला? लाज नाय वाटली?"

"तुला राग आला ना? तेवढ्यासाठीच लिहिलं असेल."

"राग त्या पुस्तकातल्याला यायला पायजे व्हता! मना येऊन काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी विनीत तिला भाऊंच्या ऑफिसात घेऊन गेला. बंटीनं खुर्ची दिली, गार पाणी दिलं, समोर मोबाईल लावला. भिंतीवरनं भाऊ हसत होते, मोठ्या फोटोतनं. गोदाबायनं हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत.

"बोल काकी."



"अगं बोल ना, आये," विनीत शेजारून पुटपुटला.

"मी हसवलं," ती म्हणाली. "चोरी नाय केली. चोरानं माफी मांगावी. चल रं, घरा चल."

बंटी मात्र ओरडलाबिरडला नाही. मोबाईल खिशात टाकत म्हणाला, "ठीक आहे काकी. तुझी मर्जी."

या शांतपणाचा अर्थ उजाडल्यावर कळला. ती पाण्याच्या रांगेत गेली तर शकू म्हणाली, "बरा केलास गो गोदे. मोठ्या मानसाशी कनाला वाकडं?" शकू म्हणजे तिची जोडीदारीण, गोदेनं म्हटलेली ओळ पाठोपाठ झेलणारी. दुकानदार म्हणाला, "शहाणपणा केलात." आणि मागून आलेल्या कृतिकानं रस्त्यातच मोबाईल पुढं धरला.

मोबाईलमध्ये गोदाबाय होती. गावदेवीपुढं हात जोडलेला तिचाच जुना फोटो, ओठ हलताहेत, आणि आवाज तिचा. अगदी तिचा, शेवटाला घासणारा. "माझ्याकडून चूक झाली. भाऊ मला मुलासारखे आहेत."

"हे मशीन करतं आजी," कृतिका म्हणाली. "तुझ्या हळदीच्या रेकॉर्डिंगी आहेत ना मोबाईलवर, त्यातला आवाज त्याला दिला की ते पाहिजे ते बोलतं."

"मी बोलली नाय!" गोदाबाय रस्त्यात उभी राहून ओरडली. लोक हसले. शकू म्हणाली, "अगो आमी बगितला ना! आता लाजतंस कनाला?"

गावानं मानलं नाही त्याचं तिला तितकं लागलं नाही. गाव तिथं नव्हतं. विनीत होता. संध्याकाळी तो टँकर लावून आला तशी तिनं त्याला दारातच धरला.

"तू माझे बाजूला व्हतास. मी बोलली काय?"

विनीतनं चपला काढल्या.

"बोलली काय रं?"

"व्हिडिओन बोललीस."

"मी इचारतंय त्या खुर्चीवं बसून बोलली काय!"

"आये, बोललीस. सगल्यांनी आयकलंय. मी पन आयकलंय." आणि वर डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "तुला आठवत नसंल."

हा घाबरला असता तर तिनं पोटाशी धरला असता. पण तो घाबरून बोलत नव्हता. त्याला ते पटलं होतं.

भाऊंच्या भीतीनं थांबलेली बोलावणी, माफी झाली म्हणून पुन्हा सुरू झाली. अक्षदाच्या, शकूच्या नातीच्या, हळदीला भाऊ स्वतः येणार होते. बंटीनं निरोप धाडला, काकीनं भाऊंसमोर दोन ओळी गोड म्हणायच्या. ऊन कलताना मांडव भरला. भाऊ सोफ्यावर, मागं विनीत, नवा शर्ट घालून. कुणीतरी गोदाबायच्या हातात माईक दिला. तिनं धवला म्हटला, नवरीच्या गालाला हळद लावली, आणि मग भाऊंकडं वळली.

खुर्ची दिली, पानी दिला, तोंड माझा मिटला गो,
मशीन बोललं माझे तोंडानी, भावाला तो पटला गो!

ओळ शकूनं झेलायची होती. शकूनं पदर तोंडाला लावला.

"झेल ना गो!" गोदाबाय म्हणाली. शकू झेलेना, तेव्हा तिनं स्वतःच झेलली, शकूच्या सुरात. मोबाईल वर झाले. "घ्या, घ्या! यो मी बोलतंय, गोदा. परवा बोलली ती मी नवती!"

"डीजे लाव रे!" बंटी ओरडला. माईक बंद झाला. तिला माईक कधी लागला होता? तिनं आवाज चढवला. विनीत धावत येऊन तिचा दंड धरायला लागला.

"आये, बस आता."

"हात लावू नको. तुजाच नाव येतंय."

त्याचा हात तिथंच थांबला. आजवर पोटच्या पोराचं नाव तिनं गाण्यात कधी घातलं नव्हतं. ते कुणीच घालत नाही.

साक्षीला बसला विनीत माझा, डोले उघरे व्हते गो...

ती थांबली. डीजेवाला वायर शोधत होता. विनीत मान खाली घालून मांडवाच्या मधोमध उभा. तो मान वर करीपर्यंत तिनं पुढची ओळ घेतली नाही.