झिलीची जागा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पेन्सिल हातात घेऊनच. वाऱ्याने दार वाजलं असेल, तापात भास झाला असेल, असं समासात लिहून ठेवायची सवय. आमच्या घरात अंगारा, गंडादोरा, अंगात येणं यांना थारा नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. मी परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि माणूस मेल्यावर त्याचं काही मागे उरतं यावर माझा विश्वास नाही. आजही नाही... तरीही हे लिहिते आहे. फार हळू लिहिते आहे, कारण आईला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

आधी द्रौपदाबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे नाव सांगावं लागत नाही. जयंतीच्या महिन्यात त्यांची गायन पार्टी आपल्या गावाला मिळावी म्हणून लोक थंडीपासून निरोप धाडायचे. त्यांच्या उमेदीतल्या भीमगीतांच्या कॅसेट अजूनही मिरवणुकीत वाजतात.

माझी आई, सुभद्रा, त्या पार्टीत झील धरायची. झील म्हणजे काय, तर मुख्य गाणारी ओळ म्हणते आणि तिचा शेवटचा तुकडा मागे उभ्या असलेल्यांवर सोडून देते. मागचे तो उचलतात, पुन्हा म्हणतात, तेवढ्यात पुढची श्वास घेते. आई म्हणायची, "बाईचा दम माझ्यापाशी ठेवायला असायचा." पण बाईंच्या गाजलेल्या कॅसेट मुंबईला भरल्या गेल्या, आणि तिथे कंपनीने आपलाच कोरस उभा केला. त्यामुळे आईचा आवाज त्यातल्या एकाही कॅसेटवर नाही.

उतारवयात बाईंनी नांदेडच्या एका लहानशा स्टुडिओत एक शेवटची कॅसेट केली. तोवर त्यांना दमा लागला होता, आवाज खाली उतरून खरखरीत झाला होता. त्यात जोशाची गाणी नव्हती. माहेर सोडलेल्या, लांबून पाणी आणणाऱ्या, एकट्याने चालणाऱ्या बायांची गाणी होती. स्टुडिओवाल्याने असं ठरवलं की बाईंनी ढोलकी-पेटीवर आधी गाऊन घ्यायचं आणि झील मागाहून वेगळी भरायची. बाईंनी सवयीने प्रत्येक ओळीनंतर झिलीची जागा मोकळी सोडली. मग आईला बोलावलं, काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावले... आणि आईला एकही झील उचलता आली नाही.

ती जन्मभर बाईंच्या डाव्या खांद्याकडे बघून गात आली होती. ओळ सोडताना तो खांदा किंचित खाली यायचा, आणि ही उचलायची. हेडफोनमध्ये खांदा कुठला? "बाई हाय आन् बाई न्हाई, असं कसं म्हणावं?" असं म्हणून ती गाडीत बसून पूर्णेला, आमच्या घरी आली. दुसऱ्या कुणाकडून झील भरून घ्यायला बाई तयार झाल्या नाहीत. कॅसेट तशीच निघाली, मध्ये मध्ये नुसती ढोलकी असलेली. "गाणं मधीच अटकतंय," म्हणून लोकांनी ती दुकानात परत आणून दिली. पुढे थोड्याच दिवसांत बाई गेल्या, आणि त्या कॅसेटचं नावही कुणी काढेनासं झालं.

आमच्या घरात मात्र ती रोज वाजायची. बाई गेल्यावर आईला ते जमायला लागलं. डोळे मिटून. दुपारी ज्वारी निवडत बसली की टेप लावायची आणि प्रत्येक मोकळ्या जागेत झील म्हणायची. त्यातलं एक गाणं होतं —

गाव माझं सरलं मागं,
वाट काही सरंना...

"वाट काही सरंना" हा तुकडा आईचा. शिकायला परभणीला आले तेव्हा एका मैत्रिणीच्या घरी मी ते गाणं ऐकलं आणि दचकले. मध्ये काहीच नव्हतं. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की ते गाणं फक्त आमच्या पूर्णेच्या घरात पुरं होतं.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. छातीचं दुखणं होतं. शेवटच्या काही महिन्यांत झिलीच्या जागी तिचे नुसते ओठ हलायचे. ती गेल्यावर मी वेड्यासारखी एकच गोष्ट शोधत होते, तिचा आवाज. सगळ्यांचे फोन पाहिले. लग्नांचे व्हिडिओ होते, त्यांत ती बसलेली, हसणारी, डोक्यावर पदर घेणारी. बोलणारी कुठेच नव्हती. गाणारी तर नाहीच. रोज दुपारी होणाऱ्या गोष्टीचं रेकॉर्डिंग कोण करून ठेवतं?

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत मी पूर्णेलाच राहिले होते. धाकटा भाऊ संजय रेल्वेत आहे. त्या कॅसेटमधली गाणी कुणीतरी यूट्यूबवर टाकली आहेत, ती त्याने आईसाठी आपल्या आणि माझ्याही फोनवर उतरवून घेतली होती. एका दुपारी मी ते गाणं लावलं. बाईंची ओळ झाली. ढोलकी सुरू झाली... आणि सुरूच राहिली.

मी वाट बघत बसले. आत वहिनी, म्हणजे संजयची बायको लता, भाकरी थापत होती. तिने विचारलं, "ताई, गाणं बंद पडलं का?"

"नाही. ढोलकी वाजते आहे."

"मग बाई काहून गप बसल्यात?"

मला पुढे ऐकवेना. मी फोन बंद केला. मनाशी म्हटलं, इतकी वर्षं ही जागा आईने भरलेली ऐकली, आता ती रिकामी आहे म्हणून लांब वाटली. हे कारण मला त्या वेळी पटलं होतं.

संध्याकाळी संजयला सांगितलं, तर तो हसला. "नेट गेलं असंल."

"उतरवून घेतलेलं गाणं आहे, त्याला नेट कशाला लागतं?"

"मग बाई तुझी वाट बघायल्या असतील. जा, च्या-पाणी विचार."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर त्याने आपल्या फोनवर ते मुद्दाम लावलं, आणि आल्या आल्या सांगितलं की नीट वाजलं, नेहमीसारखं. मी तिथे नव्हते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोर मांडव घालून केला. सकाळी भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, आईच्या फोटोपुढे सगळ्यांनी फुलं वाहिली. जेवणं झाल्यावर पाव्हणे सतरंजीवर टेकले होते. झरीहून दगडूमामा आले होते. ते नात्यातले नाहीत, बाईंच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, म्हणून मामा. आता हात थरथरतात, पण तोंड पूर्वीसारखंच. लताला म्हणाले, "बाईनं जन्मात मला वेळेवर च्या पिऊ दिला न्हाई. तू तरी दे, माय."

"मामा, हा तिसरा हाय."

"पहिले दोन पाव्हण्याचे धरले. ह्यो ढोलकीवाल्याचा."

हसणं झालं. मग संजय म्हणाला, "मामा, तुमचीच ढोलकी ऐकवतो. आईचं आवडतं गाणं." त्याने फोन ब्लूटूथच्या मोठ्या स्पीकरला जोडला. मी नको म्हणणार होते. पण सगळ्यांसमोर काय कारण सांगू?

दुपारचं लख्ख ऊन होतं. बाईंचा आवाज मांडवभर झाला. गाव माझं सरलं मागं... आणि ढोलकी. दगडूमामा मान डोलावत आपल्याच ठेक्यावर मांडीवर बोटं आपटत होते. ठेका फिरून आला. पुन्हा फिरून आला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अटकलं का रे संजय?"

संजयने फोन उचलून पाहिला. "अटकलं कुठं, पळायलंय की. हे बघा, आकडा पुढं चाललाय."

मामांची बोटं थांबली. स्पीकरमधली ढोलकी चालूच होती. ते पुढे सरकून, हाताचा आडोसा कानाला लावून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहत होते की त्यात चेष्टा असती तर मला दिसली असती.

"हे मी वाजवलेलं न्हाई," ते म्हणाले.

"मामा, तुमचीच ढोलकी आहे," मी म्हटलं.

"हात माझाच हाय. पण इतकं मी वाजवलंच न्हाई, पोरी. झिलीपुरतं वाजवलं आन् पुढच्या ओळीला गेलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई थांबल्यात. सुभी गेल्याचं त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई."

संजय स्पीकर बंद करायला वाकला. मामांनी त्याचं मनगट धरलं. "असं मधी तोडू नगं. कुणीतरी उचला."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण मीच लेक. मी आयुष्यात चारचौघांत गायलेली नाही. शाळेत प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायची. मला वाटतं, मी ते कुणाच्या समाधानासाठी केलं नाही. ती ढोलकी थांबावी, एवढंच मला हवं होतं. मी फोटोकडे तोंड करून म्हटलं, "वाट काही सरंना." आवाज पहिल्याच शब्दावर फाटला. 'सरंना' तर घशातच राहिलं.

आणि बाईंनी पुढची ओळ उचलली. ताबडतोब. जणू तेवढ्यासाठीच अडल्या होत्या.

पुढच्या जागेला दोघी-तिघी बाया माझ्याबरोबर म्हणाल्या, त्याच्या पुढच्या जागेला अख्खा मांडव. गाणं संपलं. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं की फोनचाच काहीतरी घोळ असणार, आणि सगळ्यांनी पटकन माना हलवल्या. मीही हलवली.

हे एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. फोन बिघडतो, आणि दुःखात असलेल्या माणसांना जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं. पण पुण्याच्या नातेवाइकांसाठी लताने आपला फोन खुर्चीला टेकवून कार्यक्रमाचा व्हिडिओ घेतला होता. पाव्हणे पांगल्यावर संध्याकाळी आम्ही तो लावला. मी, संजय, लता, आणि बसची वेळ होईपर्यंत थांबलेले मामा.

व्हिडिओत दुपारचा मांडव दिसतो. मी पाठमोरी आहे. बाईंची ओळ संपते... आणि झील लगेच येते. ढोलकीचा तो लांबलेला ठेका नाही. पाव्हण्यांचं बोलणं नाही. संजय वाकतो, मामा त्याचं मनगट धरतात, हेही त्यात नाही. गाणं नेहमीच्या लांबीचं आहे. आणि झिलीच्या प्रत्येक जागेत एकच बाई गाते. स्वच्छ, सुरात, कुठेही न फाटता. बाकी बाया नुसत्या बसलेल्या दिसतात.

संजय माझ्याकडे बघत राहिला. "ताई, तू इतकं चांगलं गातीस? आन् आजवर लपवून ठेवलंस?"

"मी असं गायले नाही. तू होतास ना तिथे!"

"होतो..." तो म्हणाला.

लताने पुन्हा लावलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण आईला तरुणपणी ऐकलेलं आमच्यात तेच एक माणूस होतं.

"सुभी हाय," ते म्हणाले. मग, "आता लेकीचा आवाज आईवर जातोच म्हणा. मी म्हातारा माणूस... मला काय इचारता?" पिशवी उचलून ते स्टँडकडे निघाले. संजय त्यांना सोडायला गेला.

त्यानंतर ते गाणं मी अनेकदा ऐकलं, माझ्या फोनवर आणि संजयच्याही. ते नीट वाजतं. झिलीची जागा असायला हवी तेवढीच असते आणि बाई पुढे जातात. आता त्या थांबत नाहीत. का थांबल्या होत्या, इतक्या माणसांनी ऐकलेलं व्हिडिओत का नाही, आणि व्हिडिओत जे आहे ते आमच्यापैकी कुणीच का ऐकलं नाही, याचा मी जेवढा विचार करता येईल तेवढा केला. ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी फाईल खराब होण्याबद्दल बरंच सांगितलं. त्याने एखादं गाणं अडकेल. सूर कसा लागेल?

व्हिडिओ माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी परभणीच्या घरी मी तो लावते. आईचा आवाज असेल, तर माझ्याजवळ असलेला तो एकमेव आहे. संजय प्रत्येक फोनला म्हणतो, "ताई, एकदा म्हण ना ते. मी रेकॉर्ड करतो, दोन्ही आवाज शेजारी लावून बघू. लगेच कळंल." त्याचं म्हणणं बरोबर आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

मी ते केलेलं नाही. दोन्ही आवाज सारखे निघाले तर व्हिडिओतला आवाज माझाच, आणि ती पुन्हा कुठेच नाही. माझ्या गळ्याला काय येतं ते मला कळायला नको आहे. पूर्वी भांडी घासताना, कुणी घरात नसलं की मी थोडंफार गुणगुणायची. आता तेही करत नाही.