पिलांचं वय

निजामाच्या अमलात कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस टोचणारा एक सरकारी माणूस वडवणीला यायचा. पिलाच्या पंखावर फुंकर घालून पिसांवरून वयाचा अंदाज घ्यायचा आणि दरवेळी विचारायचा, "किती हप्त्यांचं हाय? सहाच्या आत न्हाई टोचत. कवळ्या जिवाला लसच बाधती."

शेजारच्या वस्तीत रोग आला होता, मला दम निघेना. चार हप्त्यांची पिलं मी सहाची सांगितली. फुंकर घालून त्यानं माझ्याकडं पाहिलं, तरी टोचलं.

आठवड्यात माझी सगळी पिलं मेली. पुढल्या खेपेला तो आला, तेव्हा "तुझ्या लसीनंच मारली बे!" म्हणत गावानं त्याला हाकललं. जाताना तो हळूच मला म्हणाला, "पुढल्या बारीला वय खरं सांगा, पाटील."

म्हणजे त्याला कळलं होतं. मग टोचलं कशाला? आणि चारचौघांत माझं नाव का घेतलं नाही? अजून उमगत नाही. गावाला हे मी आज सांगतोय.